बारा क्रेडिटमधले सहाच: पहिल्या सेमिस्टरच्या कोर्स निवडीचं एक प्रकरण

अमेरिकेतल्या एका विद्यापीठात मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगमध्ये पीएच.डी. करत होते. शेवटची दोन वर्षं डिपार्टमेंटने माझ्याकडे एक जबाबदारी दिली होती. नव्याने आलेल्या परदेशी एम.एस. विद्यार्थ्यांच्या अडचणी सुरुवातीचे काही आठवडे ऐकून घ्यायच्या आणि त्यांना योग्य माणसाकडे पाठवायचं. त्या काळातलं हे एक प्रकरण मी संबंधित विद्यार्थिनीला विचारून लिहिते आहे. तिचं नाव आणि विद्यापीठ मुद्दाम गाळलं आहे.

सेमिस्टरचा दुसरा आठवडा होता. कोर्स बदलण्याची, म्हणजे ॲड-ड्रॉपची मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचला संपणार होती. बुधवारी दुपारी ती आमच्या लॅबमध्ये आली. तिने ठरवूनच टाकलं होतं, फक्त कोणाला तरी सांगायचं होतं.

"ताई, मी मशीन लर्निंग ड्रॉप करतेय. झेपत नाहीये. ॲडव्हायझर सरांना विचारलं, ते म्हणाले, खुशाल कर. माझे बारा क्रेडिट आहेत. तीन गेले की नऊ राहतात. फुल-टाइमला नऊच लागतात ना?"

"चारही कोर्स वर्गात बसून आहेत का?"

"नाही, दोन ऑनलाइन आहेत. का गं?"

मी तिला लॅपटॉप बंद करायला सांगितलं आणि कागद पुढे ओढला.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या विद्यार्थ्याला दर सेमिस्टरला पूर्ण भार, म्हणजे ठरावीक किमान क्रेडिट, घ्यावा लागतो. पदवीच्या विद्यार्थ्यासाठी तो १२ क्रेडिट असा नियमातच लिहिलेला आहे. मास्टर्स आणि पीएच.डी.साठी विद्यापीठ ठरवतं, आणि बहुतेक ठिकाणी तो ९ असतो. इतकं सगळ्यांना माहीत असतं. पण ज्या कोर्ससाठी वर्गात, परीक्षेला किंवा इतर कशासाठी प्रत्यक्ष हजर राहावं लागत नाही, असा एका सत्रात एकच कोर्स किंवा तीनच क्रेडिट या पूर्ण भारात धरता येतात. दुसरा ऑनलाइन कोर्स घेता येतो, त्याचे क्रेडिट डिग्रीला मोजले जातात, ट्रान्स्क्रिप्टवर ग्रेड उमटते. फक्त व्हिसाच्या हिशेबात तो नसल्यासारखा असतो.

तिच्याकडे वर्गातले दोन कोर्स होते: लिनिअर सिस्टिम्स आणि मशीन लर्निंग. ऑनलाइन दोन: ऑप्टिमायझेशन आणि इंजिनिअरिंग प्रोजेक्ट मॅनेजमेंट. कागदावर चार ओळी लिहिल्या, समोर तीन-तीन मांडले, आणि मॅनेजमेंटसमोर शून्य. विद्यापीठाच्या पोर्टलवर १२ दिसत होते, व्हिसाच्या हिशेबात ९ होते. मशीन लर्निंग काढलं की पोर्टलवर ९ दिसले असते आणि खरे ६ उरले असते.

ती त्या कागदाकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "पण पोर्टलने तर मला अडवलं नसतं."

अडवलं नसतंच. पोर्टल रजिस्ट्रारचं आहे, त्याला व्हिसाचं देणंघेणं नाही. आधी परवानगी न घेता भार कमी झाला की सेव्हिसमधली, म्हणजे सरकारच्या विद्यार्थी-नोंदणीतली, नोंद रद्द होऊ शकते. त्यानंतर रीइन्स्टेटमेंटचा, म्हणजे गेलेला दर्जा परत मिळवण्याचा अर्ज, आणि तोही साधारण पाच महिन्यांच्या आत. दुसऱ्याच आठवड्यात, एका क्लिकवर, कोणाचाही वाईट हेतू नसताना हे घडलं असतं.

या प्रकरणात चुकीचा सल्ला कोणीच दिला नव्हता. ॲडव्हायझर सरांनी अभ्यासाच्या दृष्टीने सांगितलं ते बरोबर होतं: तयारी नसलेला कोर्स वेळेत सोडावा. डिपार्टमेंटच्या ग्रॅज्युएट (म्हणजे एम.एस. आणि पीएच.डी.च्या) को-ऑर्डिनेटरने आधीच ईमेलवर कळवलं होतं की ऑनलाइन कोर्स डिग्रीला चालतात. तेही बरोबर. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाने ओरिएंटेशनमध्ये ऑनलाइनचा नियम सांगितला होता, साठ स्लाइडपैकी एका स्लाइडवर, आणि तेव्हा या मुलीची झोपही पुरी झालेली नव्हती. प्रत्येकाने आपापल्या खिडकीतून दिसलं ते खरं सांगितलं. तिन्ही खिडक्यांतलं एकत्र दिसेल अशी जागा विद्यापीठात कुठेच नसते. ती जागा म्हणजे विद्यार्थी स्वतः, आणि हे त्याला कोणी सांगत नाही.

हे चार कोर्स आले कुठून

रजिस्ट्रेशन जुलैत उघडलं तेव्हा ती अजून व्हिसाच्या मुलाखतीची वाट बघत होती. रात्री जागून लॉग-इन केलं तोवर वर्गातले बरेचसे सेक्शन भरले होते. ऑनलाइन सेक्शन मुख्यतः नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी असतात, तिथे जागा होत्या. ऑप्टिमायझेशन ऑनलाइन घेतलं ते एवढ्याच कारणाने.

लिनिअर सिस्टिम्स घेतलं कारण तिला कंट्रोल्स आणि रोबोटिक्समध्ये काम करायचं होतं, आणि डिपार्टमेंटचा तो पायाचा कोर्स. मशीन लर्निंग घेतलं कारण ती वाचत होती त्या नोकरीच्या जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत ते होतं. मॅनेजमेंट घेतलं कारण सीनिअर्सच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "सोपा ए आहे, जीपीए सांभाळतो" असं कोणीतरी लिहिलं होतं.

या कारणांना मी नावं ठेवणार नाही. मशीन लर्निंगचं तर अजिबात नाही. कंपन्यांचा करिअर फेअर सप्टेंबरात येतो. म्हणजे येऊन महिना होतो न होतो तोच पुढच्या उन्हाळ्याच्या इंटर्नशिपसाठी रेझ्युमे घेऊन रांगेत उभं राहायचं. त्या रेझ्युमेवर 'चालू कोर्स' या मथळ्याखाली लिहायला तिच्याकडे पहिल्या सेमिस्टरचेच कोर्स होते. कर्ज काढून आलेल्या मुलीने त्या ओळीत मशीन लर्निंग असावं म्हणून धडपड केली, तर त्यात अडाणीपणा कुठला? तिने विचार केला होता. फक्त हाताशी असलेल्या माहितीवर केला होता, आणि ती माहिती म्हणजे कोर्सची नावं.

कोर्सच्या वर्णनात पूर्वतयारीची अट होती: प्रॉबॅबिलिटी, लिनिअर अल्जेब्रा, प्रोग्रॅमिंग, 'किंवा प्राध्यापकांची संमती'. ग्रॅज्युएट विद्यार्थ्यांसाठी ही अट सिस्टिम सहसा तपासत नाही, कारण त्यांचं आधीचं शिक्षण दुसरीकडे झालेलं असतं आणि ते कोड जुळणार कसे? सिस्टिमने प्रवेश दिला म्हणजे आपण पात्र आहोत, असा तिने अर्थ घेतला. प्रॉबॅबिलिटी तर झालीच होती, एम-थ्रीमध्ये, म्हणजे इंजिनिअरिंगच्या गणिताच्या तिसऱ्या पेपरात, एक पूर्ण युनिट.

गृहपाठ शून्य

"काय झेपत नाही ते दाखव," मी म्हटलं. तिने गृहपाठ शून्य उघडला. या सेटला मार्क नसतात. त्या कोर्सला लागणारं गणित तुमच्याकडे आहे का, ते तुम्हालाच कळावं म्हणून तो दिलेला असतो. तिने त्याच्यावर १९ तास घालवले होते.

तिसरा प्रश्न असा होता: एक यादृच्छिक सदिश आहे, त्याचं वितरण गॉशियन, सरासरी म्यू, कोव्हेरियन्स मॅट्रिक्स सिग्मा. त्याला ए या मॅट्रिक्सने गुणलं आणि बी हा स्थिर सदिश मिळवला. नव्या सदिशाची सरासरी आणि कोव्हेरियन्स काढा. उत्तर: सरासरी ए-म्यू अधिक बी, आणि कोव्हेरियन्स ए-सिग्मा-ए-ट्रान्सपोज (ट्रान्सपोज म्हणजे मॅट्रिक्सच्या ओळी आणि स्तंभांची अदलाबदल).

तिचं उत्तर बरोबर होतं. खाली दोन-बाय-दोनचं उदाहरण घेऊन आकडेही घातले होते, तेही बरोबर.

"हा ट्रान्सपोज कुठून आला?"

"फॉर्म्युलाच तसा आहे ना."

"आणि बी कुठे गेला? सरासरीत आहे, कोव्हेरियन्समध्ये का नाही?"

ती गप्प. मग हळूच म्हणाली, "हे मला कोणी विचारलंच नाही कधी."

आम्ही फळ्यावर गेलो. कोव्हेरियन्स म्हणजे सरासरीपासूनचं विचलन गुणिले त्याच विचलनाचा ट्रान्सपोज, आणि या गुणाकाराची अपेक्षित किंमत. नव्या सदिशाचं विचलन काढताना बी दोन्हीकडून वजा होऊन जातो, उरतं ए गुणिले जुनं विचलन. गुणाकाराचा ट्रान्सपोज घेतला की क्रम उलटतो, म्हणून ए-ट्रान्सपोज उजवीकडे येऊन बसतो. मध्ये उरतो सिग्मा. तीन ओळी. तिला ते पाच मिनिटांत कळलं आणि चेहरा एकदम मोकळा झाला. पण त्या सेटमध्ये असे अकरा प्रश्न होते, आणि पुढच्या सोमवारी मार्क असलेला पहिला गृहपाठ येणार होता.

मग मी लिनिअर सिस्टिम्सचा गृहपाठ मागितला. तो तिने सहा तासांत संपवला होता. आयगेनव्हॅल्यूचा खरा भाग ऋण असला की सिस्टिम का स्थिरावते, हे तिने हात हलवत, घातांकी वक्र हवेत काढत मला समजावून सांगितलं. एकदाही अडली नाही.

मला वाटतं, सगळ्यात उपयोगी तपासणी हीच ठरली. "मी इथल्या लेव्हलची नाही" असं मनात धरून ती आली होती. दोन गृहपाठ शेजारी ठेवल्यावर दिसलं की लिनिअर अल्जेब्रा पक्की आहे, प्रॉबॅबिलिटीत भोक आहे, आणि बाकी काही झालेलं नाही. एवढं नेमकं नाव मिळालं की त्यावर इलाज करता येतो.

तासांचाही हिशेब केला. अमेरिकी नियमातल्या क्रेडिट तासाच्या व्याख्येनुसार वर्गातल्या दर तासामागे बाहेर किमान दोन तास काम धरलेलं असतं. तीन क्रेडिटचा कोर्स म्हणजे आठवड्याला नऊ तास. चार कोर्स म्हणजे छत्तीस. ही कमीत कमी बाजू झाली. गणिताचा ग्रॅज्युएट कोर्स, त्यात एक भोक बुजवत करायचा, तर एकट्यालाच वीस लागतात. शिवाय तिने ग्रेडरचं, म्हणजे गृहपाठ तपासण्याचं काम घेतलं होतं, आठवड्याला दहा तास. बेरीज लिहून काढल्यावर तिने पेन खाली ठेवलं.

पर्याय

एक होता तसंच रेटणं. त्यातला धोका ग्रेडचा. ग्रॅज्युएट स्कूलला एकूण जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, ४ पैकी ३ लागतो, खाली गेलं की प्रोबेशन. मशीन लर्निंगमध्ये सी आला असता तर ती एकटी सी भरून काढायला दुसरीकडे एक निखळ ए हवा. आणि वीस-वीस तास एकाच कोर्सला दिल्यावर तो ए येणार कुठून?

दुसरा, आर.सी.एल., म्हणजे भार कमी करण्याची अधिकृत परवानगी. नियमात त्यासाठी जी शैक्षणिक कारणं दिली आहेत त्यात चुकीच्या पातळीच्या कोर्समध्ये पडणं हे एक आहे, त्यामुळे तिचं प्रकरण बसत होतं. पण शैक्षणिक कारणाने ही परवानगी त्या डिग्रीत एकदाच मिळते, किमान अर्धा भार ठेवावा लागतो आणि पुढच्या सत्रात पूर्ण भारावर परतावं लागतं. मुदत हातात असताना हा एकमेव राखीव दोर दुसऱ्याच आठवड्यात वापरून टाकणं मला पटेना. मुदत संपल्यावर आली असती तर मीच तिला तिकडे पाठवलं असतं.

तिसरा पर्याय अदलाबदलीचा. इलेक्ट्रिकल डिपार्टमेंटमध्ये प्रॉबॅबिलिटी आणि रँडम प्रोसेसेसचा ग्रॅज्युएट कोर्स होता, वर्गात बसून, मंगळवार-गुरुवार सकाळी. तीन जागा शिल्लक होत्या. तो घेतला, मशीन लर्निंग सोडलं आणि मॅनेजमेंटही सोडलं, तर वर्गातले दोन आणि ऑनलाइन एक. पोर्टलवर नऊ आणि खरेही नऊ.

पण त्यालाही किंमत होती. आमच्याकडे डिपार्टमेंटबाहेरचे दोनच कोर्स डिग्रीला धरत असत. प्रॉबॅबिलिटीला एक जागा गेली आणि पुढे मशीन लर्निंगला दुसरी, की बाहेरचं दार बंद. कॉम्प्युटर सायन्सचा रोबोटिक्सचा कोर्स तिला फार हवा होता, तो हातचा गेला असता. शिवाय करिअर फेअरच्या रेझ्युमेवर 'प्रॉबॅबिलिटी' हा शब्द कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. हा निर्णय मी घ्यायचा नव्हता आणि मी घेतलाही नाही. रात्री तिचा मेसेज आला: "प्रॉबॅबिलिटी घेते. रोबोटिक्स नंतर स्वतः वाचेन."

गुरुवारी सकाळी आम्ही आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात गेलो. तिथल्या डीएसओ, म्हणजे व्हिसाच्या नोंदीवर सही करणाऱ्या अधिकारी बाईंनी माझा कागद पाहून हिशेब बरोबर असल्याचं सांगितलं, आणि वर एक गोष्ट सांगितली जी मला पाच वर्षांत सुचली नव्हती: आधी नवा कोर्स ॲड करा, तो नोंदला गेल्याचं बघा, मगच जुने ड्रॉप करा. मध्येच जागा गेली, सिस्टिम अडकली, तर एक दिवसही तुम्ही खाली असता कामा नये. पंधरा क्रेडिटपर्यंत मुभा होती, त्यामुळे अडचण आली नाही. त्यांनी सगळं ईमेलवरही लिहून पाठवलं, मागावं न लागता.

फीचा प्रश्न आमच्याकडे आला नाही, कारण ९ ते १२ क्रेडिटला एकच फी होती. जिथे दर क्रेडिटमागे फी असते तिथे ड्रॉपची तारीख पैशांच्या दृष्टीनेही बघावी लागते. परतावा आठवड्यागणिक घटत जातो. मुदतीनंतर सोडलं तर ट्रान्स्क्रिप्टवर 'डब्ल्यू' (विथड्रॉन, म्हणजे कोर्स मध्येच सोडल्याची खूण) कायमचा राहतो, तो वेगळा.

पुढे काय झालं

करिअर फेअरला तिला एकही मुलाखत मिळाली नाही. हे लिहायलाच हवं. मशीन लर्निंग असतं तर मिळाली असती का, याचं उत्तर कोणाकडेच नाही. पण ऑक्टोबरभर ती त्याच विचाराने कुढत होती आणि मला तिच्याशी बोलताना जड जायचं.

माझा एक अंदाज साफ चुकला. ऑनलाइन दोनपैकी मॅनेजमेंट सोड आणि ऑप्टिमायझेशन ठेव, असं मी सांगितलं होतं, कारण विषय कामाचा होता. तिला सगळ्यात जास्त त्रास त्याच कोर्सने दिला. ऑप्टिमायझेशनचे गृहपाठ चौघांनी फळ्यासमोर उभं राहून भांडत सोडवायचे असतात. ऑनलाइन सेक्शनमधले बाकीचे नोकरदार होते, रात्री अकराला लेक्चर बघणारे. तिला गटच मिळाला नाही. नव्या देशातल्या पहिल्या सेमिस्टरला ऑनलाइन कोर्समध्ये जमलं तर सिद्धता नसलेला, एकट्याने वाचून होणारा विषय घ्यावा, असं मी त्यानंतर सांगू लागले. त्या मापाने कदाचित मॅनेजमेंटच ठेवायला हवं होतं. शेवटी लिनिअर सिस्टिम्सला ए-मायनस, प्रॉबॅबिलिटीला बी-प्लस आणि ऑप्टिमायझेशनला बी आला. जीपीए ३.३३.

दुसऱ्या सेमिस्टरला आमच्याच डिपार्टमेंटचा एस्टिमेशनचा कोर्स तिला घेता आला, कारण त्याला लिनिअर सिस्टिम्स आणि प्रॉबॅबिलिटी दोन्ही लागतात आणि तो वर्षातून एकदाच होतो. रुडॉल्फ काल्मन यांनी १९६० साली मांडलेला काल्मन फिल्टर त्यात शिकवतात. अपोलो यानांच्या दिशादर्शनात वापरला गेला तोच. यान आत्ता कुठे आहे याचा अंदाज आणि त्या अंदाजातली अनिश्चितता, दोन्ही एक पाऊल पुढे न्यायची. फेब्रुवारीत तिने मला वर्गातल्या फळ्याचा फोटो पाठवला. मध्यभागी लिहिलं होतं: नवी अनिश्चितता म्हणजे ए-पी-ए-ट्रान्सपोज अधिक क्यू (पी आधीची अनिश्चितता, क्यू वाटेत पडलेली भर). ट्रान्सपोजभोवती तिने फोनवरच लाल गोल काढला होता. "ताई, ओळखलंस?"

मार्चमध्ये तिला इंटर्नशिप मिळाली, कंट्रोल्सचीच. शिकत असताना अशी नोकरी करायला सी.पी.टी. नावाची परवानगी लागते, आणि एरवी त्यासाठी आधी पूर्ण भाराचं एक शैक्षणिक वर्ष झालेलं असावं लागतं. अर्ज तपासताना त्याच डीएसओ बाईंनी दोन्ही सेमिस्टरची क्रेडिट बघितली: नऊ आणि नऊ.

एप्रिलमध्ये तिसऱ्या सेमिस्टरचं रजिस्ट्रेशन उघडलं तेव्हा ती स्वतःचा तक्ता घेऊन आली, मला काही विचारायला नव्हे, दाखवायला. प्रत्येक कोर्ससमोर रकाने होते: वर्गात की ऑनलाइन, फॉलला की स्प्रिंगला, आतला की बाहेरचा, आणि गेल्या वर्षीचा पहिला गृहपाठ मिळाला का. मशीन लर्निंग तिसऱ्या सेमिस्टरला होतं, वर्गात, आणि त्याचा गृहपाठ शून्य तिने आधीच सोडवून सोबत आणला होता. एकूण ३० क्रेडिटपैकी तिसऱ्या सेमिस्टरअखेर २७ होत होते. चौथ्या ओळीत एकच कोर्स उरला होता. त्याच्यासमोर पेन्सिलने लिहिलं होतं: "तीनच क्रेडिट. सेमिस्टर सुरू होण्याआधी डीएसओंची परवानगी. शेवटचा एकटा कोर्स ऑनलाइन चालत नाही. वर्गातला सेक्शन असेल का ते आत्ताच विचारायचं."